दारातल्या मिठाच्या ढिगल्या

कुमुदमावशी हसायच्या तेव्हा आधी त्यांचे खांदे हलायचे आणि आवाज मागून यायचा. मी कुणाचीही नक्कल करायला लागले की माझं सगळं लक्ष त्यांच्या खांद्यांवर. खांदे हलले की आपण जिंकलो. मग पदर तोंडाला लावून त्या म्हणायच्या, "विंदे, मार खाशील गं एक दिवस कुणाच्या तरी हातचा," आणि माझ्या ताटात आणखी एक थालीपीठ टाकायच्या. तेवढ्यासाठी मी दिवसभर माल गोळा करत हिंडायचे. स्टेशनवरची बाई गाडीची सूचना देताना शेवटचा शब्द कसा ओढते, आमच्या बिल्डिंगचे केअरटेकर आजोबा कचऱ्याच्या पिशव्या मोजताना प्रत्येक पिशवीपुढे कसे नमस्कार केल्यासारखे वाकतात, चौथ्या मजल्यावरच्या पल्लवीकाकू फोनवर कुणाशी इंग्रजी बोलताना ओठ कसे आवळतात, सगळं मावशींकडे नेऊन ओतायचे.

सातवीपर्यंत मी कराडच्या मराठी शाळेत होते आणि तिथं माझं फार बरं चाललं होतं. हेडसरांचं खाकरणं, भूगोलाच्या बाईंचं "काऽय गं कार्टे", गॅदरिंगचं सूत्रसंचालन, सगळं माझ्याकडे. मग बाबांना त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीनं जपानला पाठवलं आणि आम्ही तोक्योत, फुनाबोरीला येऊन पडलो. सहाव्या मजल्यावर दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत आईचं कढीपत्त्याचं रोप हिवाळाभर हीटरशेजारी बसायचं. त्याची बडदास्त माझ्यापेक्षा चांगली होती. सकाळी कावळे, मग शेजारच्या बाल्कनीत गादी झोडपल्याचा पट पट पट आवाज, संध्याकाळी पाचला खांबावरच्या भोंग्यातून रडवी धून, म्हणजे पोरांनो आता घरी जा. आई ज्वारीचं पीठ जपून वापरायची, भाकरी फक्त शनिवारी. आणि नऊ ते तीन शाळा. शाळा भारतीय मुलांचीच, पण इंग्रजी. नऊ ते तीन माझं तोंड बंद. ज्या तोंडाला कराडात "आवर गं" म्हणून तीन बायकांनी हात जोडले होते, ते तोंड. वर्गातली पोरं मला चांगलं वागवायची, म्हणजे माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायची.

म्हणून मावशी. त्या मिरजेच्या. नवऱ्यानं दुसरी केल्यावर स्वयंपाकाच्या कामाला लागल्या आणि असं करत करत स्टेशनजवळच्या एका भारतीय हॉटेलात कॉन्ट्रॅक्टवर आल्या. तीन ते पाच हॉटेल बंद. तेव्हा त्या आमच्या बिल्डिंगमागच्या जुन्या लाकडी चाळीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत येऊन एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे भरायच्या. डबे भरताना पुटपुटायच्या. "सहा नंबर बिनकांद्याचा. नऊला तिखट कमी. अकरा नंबरला आईची आठवण येतीया, त्याला लोणचं जास्त." मान जरा कलती, डोळे अर्धे मिटलेले, बोटं चाललेली. मी दाराशी बसून खायचे आणि बोलायचे, पाचची धून वाजेपर्यंत. दिवसात दोन तास मी मराठीत विनोदी होते. बाकी बावीस तास जगणं चाललेलं असायचं, एवढंच.

त्यांच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना दोन इवल्या बशा आणि त्यांत मिठाच्या टोकदार ढिगल्या असायच्या, देवळाच्या कळसासारख्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "हे काय मावशी?"

"हॉटेलात भांडी घासती बघ, ती म्हातारी जपानी बाई, तिनं शिकवलं. हितली दुकानदार लोकं ठेवत्यात दारात. वाईट बाहेर ऱ्हातं, गिऱ्हाईक आत येतं म्हणं. म्हटलं ठेवू. मीठच हाय, कुणाचं काय जातंय." मग हसल्या. "आपल्याकडं लिंबूमिरची, हितं मीठ. लिंबू, मिरची, मीठ, सगळं दारातच. भाजीत काय घालायचं मग?"

तर मला माहीत होतं. हे इथं नीट सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यात "मला कुठं माहीत होतं" असं म्हणायची सोय नाही.

मग मावशींकडे ईशानी यायला लागली. ईशानी म्हणजे पल्लवीकाकूंची मुलगी. माझ्याच वयाची, माझ्याच शाळेत, पण जन्मापासून जपानात. जपानी फाडफाड, इंग्रजी त्याहून फाडफाड, भरतनाट्यमच्या चार परीक्षा झालेल्या. केस कमरेपर्यंत, आणि ते केस ती विंचरायची नाही, ते आपले आपणच नीट पडायचे. मराठीत काही विचारलं तर "दाइजोबु" म्हणायची, म्हणजे ठीक आहे, चालेल, नको, सोड, जे हवं ते समजा. पल्लवीकाकूंना बँकेतल्या नोकरीवरून घरी यायला सात वाजायचे. त्यांनीच मावशींना सांगितलं, मुलगी घरी नीट जेवत नाही, शाळेतून आली की तुमच्याकडे दोन घास खाईल.

पहिल्या दिवशी ती मावशींच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तू काय बनवलंस?"

तू! मी सहा महिने "तुम्ही, तुम्ही" करत होते. आमच्याकडे मोठ्या माणसाला तू म्हटलं की आई डोळे वटारते. मला वाटलं, आता मावशी हिला सरळ करतात. तर मावशींचा चेहरा असा उजळला, जसा कुणी उन्हात वाळत घातलेल्या पापडांवरून मऊ कपडा काढावा. "ये गं ये," त्या म्हणाल्या. "तुला काय आवडतंय ते बनवू."

मला कधी विचारलं नव्हतं, मला काय आवडतं. मी जे असेल ते खायचे, आणि मला वाटायचं तेच आपलेपण.

त्यानंतर शाळा सुटून मी पोचायचे तेव्हा ईशानी आधीच मावशींच्या पुढ्यात बसलेली. मावशी तिच्या केसांना खोबरेल चोळतायत. डबे बाजूला. मी नवीन नक्कल सुरू करायचे, केअरटेकर आजोबा आणि कावळ्याचं भांडण, त्यावर मी आठवडाभर मेहनत घेतली होती. मावशी म्हणायच्या, "थांब जरा, पोरगी दोन घास खातीया." खांदे हलायचे नाहीत. ईशानी मात्र हसायची, मनापासून. तिच्या हसण्याचा मला इतका राग यायचा की मी घरी जाऊन आरशासमोर तिच्या हसण्याची नक्कल करायचे आणि मग मला त्या नकलेचाही राग यायचा, कारण ती सुंदर व्हायची.

लोक मत्सराला आग वगैरे म्हणतात. माझं तसं काही नव्हतं. दातात अडकलेल्या मेथीसारखं होतं. दिवसभर जीभ तिथंच.

जानेवारीत ईशानी नाचाच्या तालमीत पडली. पाडव्याच्या कार्यक्रमात तिचा एकटीचा नाच होता. गिरकी घेता घेता खाली बसली आणि तिथंच आडवी झाली. पुन्हा चार दिवसांनी शाळेच्या जिन्यात. केस गळायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, म्हणाले खाणं वाढवा. पण पल्लवीकाकूंना हे उत्तर पटलं नाही. त्यांच्या घरात सगळं होतं आणि मुलगी खात नाही, हा त्यांच्यावर आरोप होता. खरं मला दिसत होतं. ईशानी शाळेचा डबा टाकून द्यायची, आणि नाचाच्या ड्रेसचं माप घ्यायच्या आठवड्यात पाण्यावर राहायची. पोटात काही जायचं ते फक्त मावशींच्या हातचं, तेही मावशी समोर बसून भरवायच्या तेव्हा.

एका रविवारी पल्लवीकाकूंनी तिची दृष्ट काढली. आई आणि मी तिथंच होतो. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, ईशानीवरून तीनदा ओवाळायच्या आणि तवा तापवून त्यावर टाकायच्या. पण या घरांत छताला आगीची घंटा असते. धूर झाला की अख्खी बिल्डिंग खाली. म्हणून काकूंनी गॅसवरचा मोठा पंखा सगळ्यात वरच्या बटणावर लावला, वर खिडकीही उघडली. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या, आणि सगळा धूर पंख्यानं वरच्या वर ओढून नेला. कुणालाही ठसका लागला नाही.

काकू तव्याकडे बघत राहिल्या. "बघितलंत? एवढ्या सात मिरच्या. साधी शिंक नाही."

मिरच्या जळूनही ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट लागलेली होती, आणि जबर लागलेली होती. हे कराडातही खरं आणि फुनाबोरीतही. आईनं हात जोडले. मी पंख्याकडे बघितलं, तो विमानासारखा घोंघावत होता. बोलले असते तर हसले असते सगळे. पण तेव्हा कुणी हसवून घेण्याच्या मूडमध्ये नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ईशानीला कुणाची तरी दृष्ट लागली असेल तर ती माझीच असणार अशी मला भीती होती.

पुढच्या शनिवारी आमच्या घरी हळदीकुंकू. बिल्डिंगमधल्या आणि आसपासच्या मिळून पंधरा-सोळा बायका. वाण म्हणून शंभर येनच्या दुकानातले झाकणाचे डबे. आईनं मावशींनाही बोलावलं होतं, पण त्या दुपारी हॉटेलात एक मोठी पार्टी होती. "बरं झालं," नवव्या मजल्यावरच्या सोनालीकाकू म्हणाल्या, "नवरा आहे पण नाही, कुंकू लावायचं की नाही तेच कळत नाही." सगळ्या जरा हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, "वृंदा, कर ना गं काहीतरी. तू फार छान करतेस म्हणे."

पंधरा बायका, पंधरा जणींचे डोळे. कराड सोडल्यापासून मला असा प्रेक्षक मिळाला नव्हता. मी स्टेशनवाली केली, हशा. केअरटेकर आजोबा केले, टाळ्या. आणखी कर, आणखी कर. माझ्याकडचा माल संपला. मग मी ओढणी डोक्यावरून घेतली, मान कलती केली, डोळे अर्धे मिटले, बोटं चालवत पुटपुटायला लागले. सहा नंबर, नऊ नंबर असे शब्द नाही घेतले, नुसतं पुटपुटणं. मग वाकले आणि दोन्ही हातांनी हवेत मिठाच्या ढिगल्या करायला लागले, एक या बाजूला, एक त्या बाजूला. आणि मग, हे कुठून आलं मला माहीत नाही, म्हणजे माहीत आहे, मी मान वर केली आणि मावशींच्या आवाजात म्हणाले, "ये गं ये, ईशानी. तुला काय आवडतंय ते बनवू."

कुणी हसलं नाही.

पल्लवीकाकूंच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. "हे कुठं बघितलंस तू?"

मी म्हणू शकले असते, अहो गंमत. "त्यांच्या दारात," मी म्हणाले.

"मीठ?"

"हो."

"रोज करतात?"

"रोज," मी म्हणाले. प्रत्येक शब्द खरा होता.

त्यानंतर काही करावं लागलं नाही. बायकांनी एकेक करून आपापलं आणून त्यात टाकलं. सोनालीकाकूंच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढलं नव्हतं आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, कारण आता त्याला कारण मिळालं: मावशींनी एकदा मागवलेला डबा उशिरा दिला म्हणून सोनालीकाकू त्यांच्यावर चिडल्या होत्या, त्याच आठवड्यात. एकीचं दूध दोनदा नासलं होतं. एकीला दिवस गेले होते आणि दुसऱ्याच महिन्यात पडलं होतं, ती कोपऱ्यात बसून म्हणाली, "माझ्या ओटीपोटावरून हात फिरवला होता हो त्यांनी, मुलगी होईल म्हणाल्या होत्या." ती रडली तेव्हा सगळ्या रडल्या. त्या खोलीत इतकं दुःख होतं आणि एकालाही जागा नव्हती. माहेर आठ तास विमानावर, सासू फोनवर, नवरा अकराला घरी. सगळ्या एकमेकींसमोर वर्षभर "मस्त चाललंय" म्हणत होत्या. आणि मी त्यांना एक दार दाखवलं होतं, ज्याच्या बाहेर सगळं नेऊन ठेवता येत होतं.

यातला सगळ्यात मोठा विनोद पुढे आहे. त्याच महिन्यात शाळेत इतिहासाच्या सरांनी आम्हाला अमेरिकेतल्या जुन्या वसाहतीतलं एक कट्टर धार्मिक गाव शिकवायला घेतलं. तिथं काही मुलींना झटके यायला लागले, त्यांनी नावं घेतली, आणि गावानं चेटकिणी म्हणून माणसं फासावर चढवली. "याची कारणं लिहा." मी डिक्शनरी घेऊन बसले आणि जीव तोडून लिहिलं. कडक हिवाळा. जंगलातल्या लढायांची भीती. जमिनीची भांडणं. ज्यांना मूल, मान किंवा नवरा नव्हता अशा बायका. सैतानाशिवाय दुसरं काही न सांगणारा धर्मगुरू. कुणी म्हणतं धान्याला लागलेली बुरशी. सरांनी निबंध वर्गात वाचून दाखवला. ईशानीनंही टाळ्या वाजवल्या. मी त्या मुलींबद्दल एक ओळ लिहिली होती: त्या घाबरलेल्या होत्या. आता वाटतं, एखादी घाबरलेली असेलही. पण एखादी अशीही असेल जिला घरात कुणी बघत नव्हतं, आणि एके दिवशी ती जमिनीवर लोळली तेव्हा अख्खं गाव बघायला आलं. हे कारण कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही, आणि ते मला पुस्तकात शोधायची गरजही नव्हती.

मावशींचे डबे बंद होत गेले. मी त्यांच्याकडे जाणं सोडलं. आईनंच सांगितलं, नको जाऊस काही दिवस. ईशानीचंही बंद झालं. ती आणखी वाळली, आणि ती वाळली हा आणखी पुरावा. बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावशींच्या दाराचा फोटो फिरला, मिठाच्या ढिगल्यांसकट. मग ठरलं की हॉटेलच्या मालकांना सांगायचं, ही बाई असेल तर आम्ही येणार नाही. पण त्याआधी एकदा समोर बसवून विचारायचं. आपण काही अडाणी नाही.

रविवारी तीनला मावशी पल्लवीकाकूंकडे आल्या. हातात डबा होता, आत नारळाच्या वड्या. त्यांना वाटलं होतं पाडव्याच्या कार्यक्रमाच्या जेवणाचं विचारायला बोलावलंय. सोफ्यावर बसायच्या आधीच म्हणाल्या, "किती पानं हायत? श्रीखंड विकतचं नको, मी चक्का बांधती."

कुणी वडी घेतली नाही. पल्लवीकाकू इतक्या सभ्यपणे बोलत होत्या की त्यांचे ओठ आवळलेले होते. "कुमुदताई, राग मानू नका. तुमच्या दारात जे मीठ असतं ते कशाचं आहे?"

"जपानी लोकं ठेवत्यात तसलं. का हो?"

"आमच्या कुणाच्या दारात नाही बरं ते. इतकी वर्षं इथं राहतोय आम्ही."

हेही खरं. या बायका ऑफिस, स्टेशन, सुपरमार्केट आणि एकमेकींची घरं सोडून कुठं गेल्याच नव्हत्या. मागच्या गल्लीतल्या सुशीवाल्याच्या दारात तसलीच बशी होती, पण सुशीवाल्याकडे शाकाहारी माणूस कशाला जाईल.

"आणि माझ्या मुलीवर काय पुटपुटता तुम्ही?"

मावशींनी ईशानीकडे बघितलं. ईशानी आतल्या दाराला टेकून फोन बघत होती. "ईशू, काय पुटपुटती गं मी?" ईशानी म्हणाली, "वाकान्नाई." माहीत नाही. तिची मान वर आली नाही.

"वृंदा," पल्लवीकाकू म्हणाल्या, "तू दाखव बरं. जसं दाखवलंस तसं."

आई म्हणाली, "अहो, ती लहान आहे." पण हळू म्हणाली. मी उठले. मला "नाही" म्हणता आलं असतं. पण सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली, आणि माझं अंग आपोआप तयार झालं. ओढणी डोक्यावर. डोळे अर्धे. बोटं. पुटपुटणं. दोन ढिगल्या. मी आयुष्यात इतकी चांगली नक्कल पुन्हा केली नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून सवयीनं मावशींच्या खांद्यांकडे बघितलं.

"विंदे," मावशी म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात, तालमीत सांगावं तसं. "मान डावीकडं. माझी डावीकडं कलती असती. तू उजवीकडं घेतलीस."

माझे हात हवेतच राहिले. मग मी बोलायला लागले आणि ते थांबेना. हे मीठ जपानी लोक ठेवतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या मंत्र म्हणत नाहीत, डब्यांचे नंबर म्हणतात. ईशानी डबा टाकून देते, मी बघितलंय, तिला विचारा. त्या दिवशी पंखा चालू होता म्हणून ठसका लागला नाही. मी मुद्दाम केलं. सुशीवाल्याच्या दारात जाऊन बघा, आत्ता चला.

कुणीही उठलं नाही. "आता हे काय नवीन," सोनालीकाकू म्हणाल्या. पल्लवीकाकूंनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "घाबरलीय ती. बघा ना, समोर आल्यावर कशी बदलली." आणि मग आईला, "आणि तसंही हिचं काय खरं धरायचं हो? ही तर सगळ्यांच्या नकलाच करत असते."

मी गंमत केली तेव्हा ते साक्ष झालं, आणि साक्ष दिली तेव्हा ती नक्कल ठरली. जादू असलीच तर ही.

मावशी उठल्या. डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, वड्या टीपॉयवरच्या बशीत काढून ठेवल्या आणि रिकामा डबा घेतला. "मीठ हाय ते," म्हणाल्या. "कुणीतरी एकीनं येऊन चाखायचं व्हतं." दाराशी बूट घालताना त्यांना काहीतरी आठवलं. "म्हंजे पाडव्याचं जेवण न्हाई करायचं."

"नाही," पल्लवीकाकू म्हणाल्या.

हॉटेलमालकांनी मार्चअखेर कॉन्ट्रॅक्ट संपू दिलं. नोकरी नाही म्हणजे व्हिसा नाही. मावशी मिरजेला परतणार असं वाटत असताना भांडी घासणाऱ्या त्याच म्हातारीनं कुठून तरी ओळख काढली आणि कोबेमधल्या एका हॉटेलात, जुन्या भारतीय व्यापाऱ्यांच्या वस्तीजवळ, त्यांना जागा मिळाली. जायच्या दिवशी आईनं शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. स्वतः आली नाही. "तू जा. बॅग ओढायला मदत होईल," म्हणाली आणि ओट्याकडे तोंड केलं.

सकाळचे अकरा होते. मी बॅग ओढत होते, मावशी पुढे चालत होत्या. रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. मावशी, माझं चुकलं. मावशी, मला माफ करा. कुठलंही म्हटलं तरी मला ते कुणाची तरी नक्कल केल्यासारखं ऐकू यायचं. आणि हेही सांगते, सगळं झालं असूनही मला बरं वाटत होतं. ईशानी आली नव्हती. मावशींची बॅग माझ्याकडे होती, एकटीकडे.

स्टेशनच्या गेटपाशी त्यांनी दशम्यांची पिशवी घेतली, वास घेतला, म्हणाल्या, "तुझी आई तूप हात राखून घालती." मग इकडेतिकडे बघितलं. "ईशू जेवती का गं आता?"

वाक्यं सगळी गेली. "तुम्हाला ती जास्त आवडायची ना?" मी म्हणाले. "माझ्यापेक्षा?"

दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, असं काही नसतं बाळ, दोघी सारख्याच. मावशींनी थोडा विचार केला. कुणी त्यांना मीठ किती घालायचं विचारावं तसा, नीट विचार केला.

"व्हय," म्हणाल्या.

"का?"

"आता का म्हंजे. आवडायला काय कारण लागतंय व्हय?" माझ्या गालावर थोपटलं, कार्ड गेटवर टेकवलं आणि सरकत्या जिन्यानं वर गेल्या. मागे वळून बघितलं की नाही ते मला दिसलं नाही, मधे माणसं आली.

माफी मागायची राहिली ती राहिली. घरी येताना मला रडू येत होतं ते त्यांच्या जाण्याचं नव्हतं, त्या "व्हय"चं होतं. लिफ्टमध्ये ईशानी भेटली. घरच्या कपड्यांत, केस बारीक कापलेले, मनगटं काड्यांसारखी. चौथ्या मजल्याचं बटण तिनं दाबलं नव्हतं. ती बहुधा खाली-वर करत माझीच वाट बघत होती.

"मावशी गेली?" तिनं मराठीत विचारलं.

"गेल्या."

दार बंद झालं. आकडे वर सरकायला लागले. ती त्यांच्याकडेच बघत म्हणाली, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाही," मी म्हणाले.